भेटीआधीची वर्षं

चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळ केकी मूस यांचं घर आहे. मुंबईत १९१२ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ तरुणपणी विलायतेला जाऊन कला शिकून आले आणि आई-वडिलांनी जिथे बस्तान बसवलं होतं त्या चाळीसगावात येऊन राहिले. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत ते घराबाहेर क्वचितच पडले. घरात बसून त्यांनी छायाचित्रं काढली, चित्रं रंगवली, शिल्पं घडवली. टेबलावर कापूस, खडे, काड्या मांडून त्यातून डोंगर, बर्फ, वादळ उभं करणाऱ्या त्यांच्या छायाचित्रांना देशोदेशीचे पुरस्कार मिळाले. एवढं नोंदलेलं आहे.

याच्या जोडीला गावानं जपलेली एक गोष्ट आहे. मुंबईत त्यांचं एका मुलीवर प्रेम होतं. चाळीसगावला निघताना निरोप द्यायला ती स्टेशनावर आली आणि म्हणाली, एक दिवस मी पंजाब मेलनं तुझ्याकडे येईन, तुझ्यासोबत जेवेन. त्या शब्दावर केकी मूस रोज रात्री गाडीच्या वेळी दारं-खिडक्या उघडत, दिवे लावत, दोघांचं जेवण मांडून ठेवत. गाडी निघून गेली की दारं लागत. ती कधीच आली नाही. पंजाब मेलही १९१२ सालीच सुरू झाली, म्हणजे गाडी आणि तिची वाट बघणारा माणूस एकाच वयाचे.

ही गोष्ट चाळीसगावात कुणालाही विचारा, जराशा फरकानं हीच ऐकायला मिळते. ऐकणारा हळहळतो तो त्या मुलीच्या न येण्यापाशी. माझं मन मात्र नेहमी त्या रोजच्या जेवणापाशी अडकतं. पहिल्या महिन्यात ते ताट मांडताना हाताला जी घाई असेल, ती दहाव्या वर्षी असेल का? पंचविसाव्या वर्षी ती खरोखरच दारात उभी राहिली असती, तर त्या दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं होतं? वाट कुणाची पाहिली जात होती, विशीतल्या त्या मुलीची की आता पन्नाशीला आलेल्या एका अनोळखी बाईची?

प्रेमाच्या कादंबरीचा सगळा कस या प्रश्नांवर लागतो, असं माझं ठाम मत आहे. ही प्रस्तावना कुणा एका पुस्तकाची नाही. जळगाव-धुळ्याच्या मातीतलं तरुण प्रेम, त्याची ताटातूट आणि पुन्हा झालेली भेट, हा विषय घेऊन कादंबरी वाचायला किंवा लिहायला बसणाऱ्यासाठी ती आहे. जुळणं लिहिता येतं, तुटणं त्याहून सहज लिहिता येतं. पुन्हा भेटणं लिहिणं फार अवघड, कारण भेटीचा खरा मजकूर भेटीआधीच्या वर्षांत असतो आणि बहुतेक लेखक तीच वर्षं एका ओळीत संपवतात. 'सात वर्षांनंतर' असं लिहून नवं प्रकरण सुरू होतं. त्या सात वर्षांत माणूस काय खात होता, कुणाच्या लग्नात वाढपी म्हणून राबत होता, कोणत्या परीक्षेत दोनदा नापास झाला, तिची आठवण कोणत्या वर्षी रोजची होती आणि कोणत्या वर्षी फक्त सणावारी येऊ लागली, हे कळल्याशिवाय आठव्या वर्षीच्या भेटीला वजन येत नाही.

मराठी कादंबरीनं ताटातुटीवर मोठं काम केलं आहे. विश्राम बेडेकरांच्या १९३९ सालच्या 'रणांगण'मध्ये चक्रधर आणि ज्यू निर्वासित हॅर्टा यांचं प्रेम बोटीवरच्या मोजक्या दिवसांत फुलतं आणि मुंबईचं बंदर आलं की तुटतं. त्या तुटण्यामागे अख्खा युरोप जळतो आहे. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मध्ये (२००४) आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी शिरोडकरच्या मागे झुरतो आणि शेवटी ती गाव सोडून जाते. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' कॉलेजच्या कट्ट्यावरची पोरं पिढ्यान्पिढ्या वाचत आली. ही पुस्तकं एकमेकांहून फार वेगळी आहेत, पण तुटण्याची जागा तिन्हींना नेमकी ठाऊक आहे. पुन्हा भेटण्याचं काम बहुतांशी सिनेमा आणि मालिकांवर सोपवलं गेलं आणि तिथे ते पावसात, स्टेशनावर, पळत येऊन मिठी मारण्यात उरकलं जातं.

खानदेशातून आलेली सर्वांत गाजलेली तरुणाची कादंबरी म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या या लेखकानं ती लिहिली तेव्हा तो पंचविशीत होता. पुस्तक आलं १९६३ साली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि हरून गावी परततो, पण त्याचं काळीज फाटतं ते प्रेयसीपायी नाही, धाकट्या बहिणीच्या मरणानं. प्रेमकथा त्या कादंबरीच्या मध्यभागी नाहीच. मला यात खानदेशाचं एक खरं दिसतं. इथल्या तरुणाच्या मनात घर, शेत, बाप, बहीण यांनी एवढी जागा व्यापलेली असते की प्रेमाला आत यायचं तर त्यांच्यामधूनच वाट काढावी लागते. इथली प्रेमाची कादंबरी दोघांची राहूच शकत नाही. तिच्यात भाऊबंदकी येते, केळीच्या बागेची वाटणी येते, बहिणीचं लग्न आधी की भावाचं हा वाद येतो. लेखकानं ते वगळलं तर ती कादंबरी कुठल्याही शहरातली होईल, जळगावची होणार नाही.

आणि तरी या भूमीला कोवळ्या प्रेमाचं वावडं कधीच नव्हतं. महाराष्ट्रातल्या मुलांना शाळेत भेटणारी पहिली प्रेमकथा बहुधा 'फुलराणी' असते, हिरवळीवरची कळी आणि सूर्यकिरण यांची. ती लिहिणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे धरणगावचे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे सतरा वर्षांच्या या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे अकरा वर्षांनी, ५ मे १९१८ ला, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघं सत्तावीस. नारायण नरसिंह फडणीस जळगावातून निव्वळ कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' हे मासिक चालवत. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं हे मासिक दशकानुदशकं निघत राहिलं. आज जळगावात काव्यरत्नावली चौक आहे. संध्याकाळी तिथे मोटारसायकली लावून उभी राहणारी कॉलेजची पोरंपोरी एका कवितेच्या मासिकाच्या नावाखाली भेटत असतात. कादंबरीकाराला याहून वेगळा नेपथ्याचा खर्च करायची गरज नाही.

पुनर्भेटीचा विचार करताना मला खानदेशाची सर्वांत मोठी देणगी वाटते ती आखाजी. अक्षय्य तृतीया महाराष्ट्रात सगळीकडे असते, पण खानदेशात ती लेकीबाळींची असते. भाऊ मुराळी होऊन बहिणीला सासरहून आणायला जातो. वैशाखाचं ऊन पंचेचाळीस अंशांना टेकलेलं, शेतं रिकामी, सालदाराचं जुनं वर्ष संपून नवं ठरायचं असतं. घरोघरी गौराई बसते, आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणाची पोळी होते, पुरुष पत्ते कुटतात आणि निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. सासरी वर्षभर पदर सावरून वावरणारी मुलगी या दिवसांत झोक्यावर उभी राहून गाणी म्हणते. गाण्यांत गौराईचा संसार असतो, भावाचं कौतुक असतं, सासूची गाऱ्हाणी असतात.

आता याच गल्लीत तो मुलगाही राहतो, हे लक्षात घ्या. जिच्यासोबत तो दहावीपर्यंत एसटीनं तालुक्याला गेला, जिचं लग्न तीन वर्षांपूर्वी दोंडाईच्याला किंवा पाचोऱ्याला लावून दिलं, ती आज चार घरांपलीकडे झोक्यावर आहे. गावानं तिच्या येण्याला मान्यता दिलेली आहे, सणानं दिलेली आहे. लपून भेटायचं कारण नाही आणि भेटायची सोयही नाही. तो पाण्याची मोटर बघायला म्हणून समोरून जाईल. ती त्याच्या आईशी ओट्यावर बसून बोलेल, कडेवर तिचं मूल असेल. त्याची आई तिला रसाची वाटी आणून देईल. या सगळ्यांत एकही वाक्य प्रेमाचं नसेल. पुनर्भेट म्हणतात ती हीच, आणि ती दरवर्षी होते. पहिल्या वर्षी छातीत कळ येते, दुसऱ्या वर्षी डोळे शोधतात, पाचव्या वर्षी तो तिच्या मुलाला खांद्यावर बसवून दुकानात नेतो. एका जोडीच्या पाच आखाज्या कुणी नीट लिहिल्या, तर मराठीत पुनर्भेटीची मोठी कादंबरी होईल, असं मी मनापासून सांगतो.

अंतराचीही गंमत नीट समजून घ्यायला हवी. बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदा, सासर जळगाव. दोन्हींमध्ये काही किलोमीटरांची वाट. तरी त्या वाटेवर त्यांनी गाणं रचलं. अंतर मैलांत नसतं, जायची मुभा कुणाच्या हाती आहे यात असतं. धुळ्याहून चाळीसगावला जाणारी गाडी जुन्या फाट्यावरून आजही तासाभराच्या आसपास पोचवते, पण पांझरेकाठच्या देवपुरातल्या मुलीला तो तास मिळवायला घरात किती कारणं सांगावी लागतात! सुरत-भुसावळ मार्गानं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावातली हजारो कुटुंबं सुरतेकडे कामाला गेली आणि तिथल्या उधन्यात आपला खानदेश घेऊन वसली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते तेव्हा ही मंडळी गाड्या भरून गावी येतात. रोटाला सगळी भाऊबंदकी एका जागी लागते, रात्रभर जागर होतो, सोमवारी कानबाईला नदीवर पोचवतात. ज्याला सुरतेला पाठवून एक प्रेम तोडलं होतं, तोही त्या रात्री गावात असतो. सण माणसांना परत आणतो, पण कुठल्या माणसाला पाहून कुणाचा घास अडकतो हे सणाला ठाऊक नसतं.

खानदेशच्या सीमेवर एक जुनी कहाणी आहे, तिचाही विचार व्हायला हवा. मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. वर्षानुवर्षं तो तिथे राबला. स्थानिक तरुणी पारो त्याच्या आयुष्यात आली. १८५६ साली ती वारली. अजिंठा गावात गिलनं बांधलेली तिची कबर आहे. गिलच्या बहुतेक चित्रांचा लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आगीत कोळसा झाला. तो स्वतः १८७९ मध्ये गेला आणि त्याची कबर भुसावळला आहे. ना. धों. महानोरांनी या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, त्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ साली चित्रपट केला.

पारोच्या मृत्यूनंतर गिल तेवीस वर्षं जगला. कथा सांगणारे ही तेवीस वर्षं सोडून देतात, कारण प्रेमकथा कबरीपाशी संपवायला सोयीची असते. गिलला पत्नी होती, मुलं होती, हेही सोडून देतात. पारोच्या बाजूनं तर जवळजवळ काहीच उरलेलं नाही. एका परक्या गोऱ्या साहेबासोबत राहिल्याबद्दल तिच्या माणसांनी तिला काय ऐकवलं असेल, ती त्याच्याशी कोणत्या भाषेत भांडली असेल, आजारात तिच्या उशाशी तिची आई होती का, हे सगळं गेलं. तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते त्याच्या दगडावर. प्रेमाच्या कादंबरीत मुलीची वर्षं अशी हरवतात याचं मला फार वाईट वाटतं. आजही अनेक कादंबऱ्यांत ताटातुटीनंतर मुलाचं झुरणं पानंच्या पानं चालतं आणि मुलगी थेट भेटीच्या दिवशी, जराशी वाळलेली, डोळ्यांत पाणी घेऊन उगवते. मधल्या काळात ती बी.एड. झाली असेल, तिनं सासूचं दुखणं काढलं असेल, कदाचित कुणा दुसऱ्यावर मनापासून प्रेमही केलं असेल. त्या प्रेमालाही कादंबरीत जागा हवी. पहिलं प्रेम खरं आणि पुढचं सगळं तडजोड, हा हट्ट सोडला तरच पुन्हा भेटणारी दोन माणसं पूर्ण वाढलेली दिसतील.

आजच्या तरुणाची ताटातूट वेगळ्या कारणांनी होते, पण कारणं नवी दिसली तरी त्यांच्या आत जुनंच असतं. शिरपूर, पारोळा, चोपड्याची पोरंपोरी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत खोल्या घेतात. अभ्यासिकेत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर वर्षं जातात. एकाची निवड होते, दुसऱ्याची होत नाही. पोस्ट मिळालेल्या मुलाला अचानक स्थळं येऊ लागतात आणि घरचे 'आता तुझी किंमत वाढली' असं त्याच्या तोंडावर म्हणतात. जे प्रेम जातीच्या भिंतीला धडकून टिकलं, ते एका निकालाच्या यादीपाशी तुटतं. मोबाइलनं विरह संपवला असं म्हणणाऱ्यांनी एका तरुणाची रात्र पाहावी. नंबर ब्लॉक केलेला असतो, पण तिच्या मैत्रिणीच्या स्टेटसमध्ये ती हळदीला बसलेली दिसते. पूर्वी बातमी कळायला महिना लागे आणि तोवर मन थोडं निबर व्हायचं. आता ती घाव घालते त्याच घटकेला.

कायदा मदतीला आहे, पण त्याची वाटही घराजवळूनच जाते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं वेगळ्या धर्माच्या, जातीच्या जोडप्याला लग्न करता येतं. त्यासाठी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते आणि तीस दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. मोठ्या शहरात तो कागद कुणी वाचत नाही. जळगाव-धुळ्यात कचेरीत कुणाचा ना कुणाचा मामेभाऊ असतो. ते तीस दिवस म्हणजे कादंबरीतलं एक अख्खं प्रकरण आहे: मुलगी नेहमीसारखी कळण्याची भाकरी थापते, भावासोबत भरीत खाते, बाप बाहेरून आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघते, आणि कुणाला काही कळलं की नाही याचा अंदाज घेत झोपते. या तीस दिवसांत काही जोडपी तुटतात. पोलिसांत तक्रार, मुलीला मामाकडे पाठवणं, आईचं अन्न सोडणं. यात बाप राक्षस असतोच असं नाही. बऱ्याचदा तो आपल्या भाऊबंदकीला घाबरलेला, लेकीवर जीव टाकणारा माणूस असतो, आणि म्हणून त्याचं वागणं अधिक भयंकर होतं. त्याची बाजू समजून घेणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे. कादंबरीनं ती समजून घेतलीच पाहिजे, कारण दहा वर्षांनी लेक परत आली तर दार तोच उघडणार आहे. पुनर्भेट प्रियकर-प्रेयसीचीच असते असं कुठे आहे? पळून जाऊन लग्न केलेल्या कितीतरी मुलींच्या आयुष्यातली मोठी भेट बापाशी झालेली असते, बहुधा कुणाच्या तरी आजारपणात, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात.

आता राहिली भाषा. जळगाव, यावल, रावेरकडे लेवा बोली, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव आणि धुळ्याकडे अहिराणी. कॉलेजात मुलं प्रमाण मराठी बोलायला लागतात आणि प्रेम व्यक्त करायची वेळ आली की हिंदी सिनेमातली वाक्यं उसनी घेतात. घरच्या बोलीत प्रेम बोलायला संकोच वाटतो, कारण तीत आई हाक मारते, बाप शिव्या देतो, सालदार बैलांना हाकतो. पण राग आला, रडू आलं की तीच बोली तोंडात येते. म्हणून मला वाटतं की जुळण्याचा प्रसंग प्रमाण मराठीत लिहिला तरी चालेल, तुटण्याचा मात्र चालणार नाही.

आणि भेटीचा? समजा, ती पुण्यात बारा वर्षं काढून आलेली आहे, मुलांशी घरात पुणेरी बोलते. तो धुळ्यातच राहिला, पाच कंदीलजवळ दुकान चालवतो, दिवसभर अहिराणीत घासाघीस करतो. लग्नाच्या मांडवात ते समोरासमोर येतात. तो तिच्याशी शुद्ध बोलायला जातो, कारण ती आता मोठी झाली आहे, परकी झाली आहे. ती त्याला अहिराणीत विचारते, "कशी शेतस पोरं?" बरीच वर्षं न बोलल्यामुळे तिचा हेल चुकतो. तो हसतो, तिला सुधारतो. मग दोघं त्याच्या मुलांबद्दल, तिच्या बदलीबद्दल, गिरणेला यंदा आलेल्या पाण्याबद्दल बोलतात. मांडवात जेवणाच्या पंगती लागलेल्या असतात, कुणीतरी तिला हाक मारतं. लेखकानं इथे एवढंच सांभाळायचं की या दोघांना मिठीत ढकलण्याची घाई करू नये, आणि ते दोघं पुढे काय करतील हे ठरवताना तिचा नवरा आणि त्याची बायको याच मांडवात जेवत आहेत हे विसरू नये.